वजन खरे सांगा

आमच्या शाळेत दर वर्षी आरोग्य तपासणी होते. मुलांची रांग संपली की डॉक्टर म्हणतात, "आता शिक्षकांनीही या." त्या क्षणी आमच्यापैकी निम्म्या जणींना वर्गावर काहीतरी तातडीचे काम निघते. मीही त्यांतलीच एक. वजनाचा काटा आणि मी, आमचे फारसे कधी जमले नाही. पण वजन लपवल्यामुळे भर बर्फात, दिरासमोर, एका दिवसात अकरा वेळा आपटायची पाळी येईल असे मात्र वाटले नव्हते. आणि त्याच दिवशी माझ्या मुलानेही एक खोटे सांगितले होते. माझे खोटे हसण्यावारी गेले. त्याचे गेले नाही.

आम्ही मिरजेचे. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. माझे धाकटे दीर नोकरीनिमित्त श्रीनगरला असतात. "भाभी, मुलांना एकदा बर्फ दाखवा," असे ते तीन वर्षे म्हणत होते. शेवटी एका जानेवारीत रजा टाकली आणि गोवा एक्स्प्रेसने दिल्ली, तिथून विमानाने श्रीनगर असे आम्ही चौघे निघालो. मोठा मुलगा तेव्हा नववीत, मुलगी पाचवीत.

श्रीनगरहून गुलमर्ग पन्नासएक किलोमीटर. टंगमर्गपर्यंत साधी गाडी जाते, पुढचा तेरा किलोमीटरचा घाट बर्फाचा. तिथे चाकांना साखळ्या बांधलेली गाडी घ्यावी लागते. गुलमर्ग सुमारे 2650 मीटर उंचीवर आहे. तिथून गंडोला म्हणजे पाळण्याची गाडी आधी कोंगडोरीला आणि मग अफरवतच्या डोंगरावर जवळजवळ 3950 मीटरपर्यंत नेते. वरून पाहिले की सगळा डोंगर दुधावरच्या सायीसारखा दिसतो. त्या सायीवरून रंगीबेरंगी कपड्यांतली माणसे नागमोडी रेघा ओढत खाली येत होती. माझ्या मुलाने ते पाहिले आणि म्हणाला, "चाचा, मला हे करायचेच आहे."

दीर आम्हाला भाड्याने सामान देणाऱ्या एका दुकानात घेऊन गेले. गर्दी खूप. काउंटरवरच्या पोराने एक कागद पुढे केला. नाव, वय, उंची, वजन, आणि "स्कीइंग कितपत येते?" पहिल्या तीन रकान्यांत काही अडचण नव्हती. वजनाच्या रकान्यापाशी आल्यावर त्या पोराने मोठ्याने विचारले, "बाजी, वजन?" शेजारी दीर उभे, मागे दहा-बारा परकी माणसे. माझे वजन तेव्हा 74 किलो होते. मी म्हणाले, "अठ्ठावन्न." मुलांच्या अब्बांनी माझ्याकडे पाहिले आणि नजर छताकडे वळवली.

मग मुलाची पाळी. "स्कीइंग कितपत येते?" तो आयुष्यात पहिल्यांदा बर्फ पाहत होता. पण शाळेच्या स्केटिंग संघात होता, मोबाइलवर शंभर व्हिडिओ पाहिले होते. तो म्हणाला, "चांगले येते. फास्ट." आणि खरे सांगायचे तर मी त्याला अडवले नाही. उलट मनातून बरे वाटले. आपला मुलगा कुठे मागे नाही, हे ऐकायला कोणत्या आईला आवडत नाही? पोराने कागदावर काहीतरी खूण केली, स्क्रूड्रायव्हरने दोन-चार वळसे दिले, आणि आम्ही बाहेर पडलो.

मुलाने भिंतीशी लावलेल्या स्कींमधून स्वतः निवड केली होती. सगळ्यांत लांब, सगळ्यांत रुंद, वर ज्वाळांचे चित्र असलेल्या. मला मिळाल्या त्या आखूड आणि जुन्या.

नवशिक्यांच्या उतारावर एका उस्तादांनी आम्हाला तासभर शिकवले. स्कींची टोके जवळ, मागचा भाग फाकवलेला, गुडघे वाकलेले. वेग कमी करायचा असेल तर आणखी फाकवा. मला वाटले, हे जमेल. पण मी जरा वळायला गेले की खट् आवाज व्हायचा, एक स्की पायातून सुटून बाजूला पडायची आणि तिच्यामागून मी. उठायचे, बुटाखालचा बर्फ खरवडायचा, पुन्हा स्की चढवायची, चार हात पुढे जायचे, पुन्हा खट्. अकरा वेळा. मुलगी स्लेजवर बसून मोजत होती. मला वाटले, आपले वय झाले.

मुलाच्या स्की मात्र एकदाही सुटल्या नाहीत. त्यामुळे त्याचा आत्मविश्वास वाढतच गेला. उस्तादांचा तास संपल्यावरही तो वर जात राहिला. चारच्या सुमारास ढग उतरले. अशा वेळी सगळे पांढरे एकसारखे दिसते, उंच काय नि खोल काय कळत नाही. उताराच्या कडेला भुसभुशीत बर्फाचा ढीग होता. त्याच्या उजव्या स्कीचे टोक त्यात घुसले. शरीर पुढे गेले, वळले, आणि स्की तिथेच राहिली. पाय स्कीला घट्ट बांधलेला, स्की बर्फात रुतलेली. मधे फक्त गुडघा. त्याची किंकाळी मला पन्नास पावलांवरून ऐकू आली.

स्लेजवाल्या दोघा भावांनी त्याला खाली आणले. पैसे घ्यायला ते तयार नव्हते, हे आवर्जून लिहायला हवे. रात्री श्रीनगरात एक्स-रे निघाला. अल्लाहच्या कृपेने हाड शाबूत होते. गुडघ्याच्या आतल्या बाजूचा लिगामेंट ताणला गेला होता. डॉक्टरांनी पट्टा दिला, सहा आठवडे खेळ बंद सांगितले. नव्याने शिकणाऱ्यांना ही दुखापत नेहमीची आहे, असेही म्हणाले. मुलगा एक शब्द बोलला नाही. रडलाही नाही. ते न रडणेच मला जास्त लागले.

दोन दिवसांनी सामान परत करायला मी दिरांबरोबर पुन्हा वर गेले. सामान दिले, पैसे दिले, भांडण करायची ताकद नव्हती. परतीची गाडी यायला वेळ होता आणि बर्फ पडू लागला, म्हणून आम्ही जवळच्याच दुसऱ्या एका छोट्या दुकानाच्या दारात उभे राहिलो. आत एक बुजुर्ग फेरन घालून, पोटाशी कांगडी धरून बसले होते. त्यांनी आत बोलावले, नून चाय दिला. माझ्या चेहऱ्यावर काय दिसले कोण जाणे, विचारले, "बाजी, काय झाले?" मी सगळे सांगितले. माझ्या अकरा वेळा पडण्याची गोष्टही सांगितली.

त्यांनी शांतपणे दोनच प्रश्न विचारले. "मुलाने काय सांगितले होते? आणि तुम्ही वजन किती सांगितले होते?"

ताकाला जाऊन भांडे लपवण्यात अर्थ नव्हता. मी खरे आकडे सांगितले. ते हसले नाहीत. कोपऱ्यातली एक स्की उचलून त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली आणि जवळजवळ तासभर मला शिकवले. बीएड करताना इतका चांगला पाठ मी क्वचितच पाहिला होता. तो इथे देते, कारण सुट्टीत काश्मीरला किंवा हिमाचलला जाणारी आपली कुटुंबे आता पुष्कळ आहेत, आणि त्या काउंटरसमोर आपण सगळे सारखेच अडाणी असतो.

पहिली गोष्ट बुटाची. लोक आधी स्की निवडतात आणि बूट मिळेल तो घालतात. हे उलटे आहे. तुमचे शरीर स्कीशी बोलते ते बुटातून. एकच पातळ मोजा घालायचा, दोन नाहीत. ताठ उभे राहिले की अंगठ्याचे टोक बुटाला जेमतेम शिवावे, आणि गुडघे पुढे वाकवले की पाय किंचित मागे सरकून टोक मोकळे व्हावे. टाच उचलता कामा नये. सैल बूट आरामाचा वाटतो, पण मग तुम्ही वळता आणि स्की वळत नाही.

दुसरी गोष्ट लांबीची. स्की उभी करून शेजारी राहा. नवशिक्याला ती हनुवटीपासून नाकापर्यंत आली तर पुरे. आखूड स्की लवकर वळते, वेग कमी ठेवते, चुका माफ करते. लांब स्की वेगात स्थिर राहते, पण तिला वळवायला ताकद आणि सराव लागतो. माझ्या मुलाची उंची 168 सेंटिमीटर. त्याला 150 ते 155 ची स्की योग्य होती. त्याने घेतलेली डोक्याच्याही वर जात होती.

तिसरी गोष्ट रुंदीची. स्कीवर तीन आकडे छापलेले असतात. पुढच्या टोकाची रुंदी, मधली कंबर आणि मागचे टोक, मिलिमीटरमध्ये. दाबून सपाट केलेल्या उतारावर सत्तर ते पंच्याऐंशीची कंबर चांगली. ती एका कडेवरून दुसऱ्या कडेवर चटकन जाते. शंभरच्या वरची रुंद स्की ताज्या, खोल बर्फासाठी. ती बर्फावर तरंगते. अफरवतवरच्या मऊ बर्फासाठी दूरदेशीचे लोक तसल्या स्की घेऊन येतात. माझ्या मुलाच्या ज्वाळांच्या स्की त्याच जातीच्या होत्या. नवशिक्याच्या टणक उतारावर त्या म्हणजे गल्लीत ट्रक.

स्कीच्या कडा सरळ नसतात, आत वळलेल्या असतात. त्या वळणाला पुढे वाढवून पूर्ण वर्तुळ केले तर त्याची त्रिज्या किती, हाही आकडा स्कीवर छापतात. बारा-तेरा मीटर असेल तर ती लहान वळणे घेते. वीसच्या पुढे असेल तर मोठी, वेगाची. आणि जमिनीवर ठेवल्यावर मधे कमानीसारखी उचललेली स्की टणक बर्फावर पकड देते. टोके वर वळलेली असतील तर ती मऊ बर्फात रुतत नाही आणि वळायलाही सोपी जाते. हाताने वाकवून पाहा. नवशिक्याला जरा लवचीक हवी, ताठ नको.

हे सांगताना त्यांनी आरिफ खान यांचे उदाहरण दिले. टंगमर्गजवळच्या हाजीबलचे आरिफ 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भारताचे एकमेव खेळाडू होते. उद्घाटनाला तिरंगा त्यांच्याच हातात होता. त्यांच्या वडिलांचे गुलमर्गमध्ये स्की सामानाचेच दुकान. बीजिंगला ते स्लॅलम आणि जायंट स्लॅलम अशा दोन शर्यतींत उतरले आणि जायंट स्लॅलममध्ये 45 वे आले. बुजुर्ग म्हणाले, "तोच माणूस, तेच पाय. पण दोन शर्यतींना दोन वेगळ्या स्की." स्लॅलममध्ये वळणे जवळजवळ असतात, म्हणून पुरुषांची स्की नियमाने किमान 165 सेंटिमीटर. जायंट स्लॅलममध्ये वळणे मोठी, तिथे किमान 193. "मग तुमच्या मुलाने चित्र बघून कशी निवडली?"

आता बाइंडिंग. बुटाला स्कीशी जोडणारे हे लोखंडी-प्लास्टिकचे यंत्र. मला वाटत होते त्याचे काम पकडून ठेवणे. बुजुर्ग म्हणाले, त्याचे खरे काम योग्य वेळी सोडून देणे. पूर्वी स्की पायाला पट्ट्यांनी पक्की बांधत. पडला की माणसाची नळी मोडे. नॉर्वेत जन्मलेला आणि अमेरिकेत ऑरेगनला राहणारा याल्मार व्हाम नावाचा स्कीपटू होता. 1937 मध्ये त्याचा पाय मोडला आणि त्या दुखण्यातूनच त्याला सुटणाऱ्या बाइंडिंगची कल्पना सुचली. आजच्या बाइंडिंगमध्ये पुढचा भाग आडवा पीळ पडला की बाजूला उघडतो, आणि मागचा भाग माणूस पुढे झुकून पडू लागला की वर उघडतो. किती जोर आल्यावर उघडायचे, हे स्प्रिंगवर ठरते. स्प्रिंग किती आवळली आहे ते एका छोट्या खिडकीत आकड्याने दिसते. त्याला डिन म्हणतात. जर्मनीच्या मानक ठरवणाऱ्या संस्थेचे ते आद्याक्षरांचे नाव आहे.

हा आकडा कोणी मनाने लावत नाही, लावू नये. त्यासाठी तक्ता असतो. वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी (ती बुटाच्या टाचेपाशी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते) आणि स्कीयरचा प्रकार. प्रकार तीन. पहिला, जपून चालवणारा. दुसरा, मध्यम. तिसरा, जोरात चालवणारा. वजन आणि उंची वेगवेगळ्या ओळीत पडत असतील तर कमी आकड्याची ओळ घ्यायची. पन्नाशीच्या पुढच्यांना एक ओळ खाली. आणि नवशिका कितीही धडधाकट असो, तो पहिल्याच प्रकारात.

आता माझ्या डोक्यात उजेड पडला. मी सोळा किलो कमी सांगितले होते. बाइंडिंगला वाटले, ही हलकी बाई आहे. म्हणून माझे खरे वजन वळणावर पडले की ती घाबरून सुटत होती. मुलाने स्वतःला तिसऱ्या प्रकारात घातले. त्याच्या बाइंडिंगला वाटले, हा तरबेज आहे, वेगात याची स्की सुटली तर घात होईल, म्हणून ती शेवटपर्यंत धरून राहिली. दोघांचीही यंत्रे बिघडलेली नव्हती. आम्ही सांगितले तेच ती खरे मानून चालली होती.

"बाजी, ये तो आप की बात पे यकीन करती है," बुजुर्ग स्प्रिंगवर बोट ठेवून म्हणाले. "झूठ पकड़ना इस का काम नहीं।"

मी विचारले, मग खरे सांगितले असते तर त्याचा गुडघा वाचला असता का? ते खोटे दिलासे देणारे नव्हते. म्हणाले, नक्की कोणी सांगू शकत नाही. बाइंडिंग मुख्यतः नळीच्या हाडाला वाचवण्यासाठी बनलेली आहे, गुडघ्याच्या सगळ्या दुखापती ती टाळू शकत नाही. पण धोका कमी झाला असता. आखूड स्की असती तर पीळही कमी बसला असता. आणि काउंटरवरच्या पोराने नुसते ऐकून घेण्याऐवजी दोन प्रश्न जास्त विचारायला हवे होते. "आम्ही तर आधी विचारतो, पहिल्यांदा आलात का? मग बाकीचे."

निघताना त्यांनी आणखी दोन बारीक गोष्टी सांगितल्या. बाइंडिंगला स्कीच्या दोन्ही बाजूंनी ब्रेकचे दांडे असतात. पाय सुटला की ते खाली येऊन स्कीला थांबवतात, नाहीतर सुटलेली स्की खालच्या माणसाला लागते. ते दांडे स्कीच्या कंबरेला बसतील एवढेच रुंद हवेत. आणि डोंगर चढून जाण्यासाठी टाच मोकळी सोडणारी वेगळी हलकी बाइंडिंग मिळते. तिला वेगळे बूट लागतात. ती उतारावर मजा करणाऱ्यांसाठी नाही. कोणताही बूट कोणत्याही बाइंडिंगमध्ये कोंबू नये.

त्या रात्री मी हे सगळे मुलाला सांगितले. माझ्या वजनाच्या खोट्यासकट. तो पहिल्यांदा हसला. मग म्हणाला, "अम्मी, तुम्हाला माहीत होते ना मला येत नाही ते? मग तुम्ही का बोलला नाहीत?"

मला उत्तर देता आले नाही. मी वीस वर्षे मुलांना शिकवते. वर्गात एखादे मूल "समजले" म्हणाले तरी त्याच्या डोळ्यांत पाहून खरे काय ते मला कळते. पण माझे स्वतःचे मूल खोटे बोलत होते, आणि ते खोटे मला गोड लागत होते.

पुढच्या वर्षी त्याची दहावी झाली. गुण चांगले होते, फार चांगले नव्हते. अकरावीला विज्ञान घ्यायचे हे आम्ही केव्हाच ठरवून टाकले होते. खानदानात सांगूनही झाले होते. क्लासची फी भरायच्या आदल्या दिवशी रात्री तो माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "अम्मी, मला गणित आवडते, पण फिजिक्स डोक्यात शिरत नाही. मला कॉमर्स घ्यायचे आहे. तुम्ही लोकांना काय सांगाल ते माहीत नाही, पण मी तुम्हाला खरे सांगतोय." मी काही बोलले नाही. त्याच्या उजव्या गुडघ्याकडे नजर गेली. मग उठून त्याच्या अब्बांशी बोलायला गेले. ते बोलणे सोपे झाले नाही. दोन दिवस घरात कोणी नीट जेवले नाही. पण फॉर्म कॉमर्सचा भरला.

तो आता बीकॉमला आहे. फार हुशार निघाला, पहिला आला, असे काही नाही. अभ्यास करतो, हसतो, रात्री झोपतो. तेवढे मला पुरते.

गेल्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा गुलमर्गला गेलो. या वेळी थेट त्या बुजुर्गांच्या दुकानात. त्यांनी आम्हाला ओळखले नाही, पण कागद पुढे केला. मुलाने प्रकाराच्या रकान्यात स्वतःहून "पहिला" लिहिले. माझ्यापुढे कागद आला तेव्हा दीर शेजारीच होते. मी मोठ्याने म्हणाले, "शहात्तर." चार वर्षांत दोन किलो वाढले होते.

दुपारपर्यंत मी चार वेळा पडले. त्यांतल्या दोनच वेळा स्की सुटल्या, आणि दोन्ही वेळा सुटायलाच हव्या होत्या.